उतरा, गाडी घासते

पूर्णा
३ नोव्हेंबर २०२५

चि. सविता,
सप्रेम जयभीम.

फोनवर मी नुसतं 'हूं' म्हणतो अशी तुझी तक्रार आहे. ती खरी आहे. फोनवर बोलणं मला पूर्वीही जमत नव्हतं, पण तेव्हा तुझी ताई माझ्या वाटचंही बोलून टाकायची. म्हणून पत्र लिहितो. तीस वर्षं रेल्वेच्या टपालडब्यात उभं राहून लोकांची पत्रं गावोगावच्या खणांत लावली, स्वतः मात्र फारशी लिहिली नाहीत. चुकलं तर सांभाळून घे.

१४ डिसेंबरला सुकेशनीला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरीच ठेवला आहे. त्यासाठी आईंना चारठाण्याहून आणायला मी स्वतः येईन, आणि सुकेशनीच्याच गाडीने आणीन. आईला एकदा या गाडीतून फिरवायचं, असं ती पाच वर्षं म्हणत होती. ते राहून गेलं.

अडचण तुला माहीत आहे. गाडी शर्यतीची, सुकेशनीने जुनीच घेतलेली. दोन दारं, दोन जागा आणि पोट जमिनीपासून वीतभर. एकच माणूस असेल तर गतिरोधकावरून निघते, दोन बसले की घासते. त्यामुळे पूर्णा ते परभणी एकोणीस गतिरोधकांना मी खाली उतरायचो. सुकेशनी म्हणायची, "उतरा, गाडी घासते." मी उतरलो की ती गाडी तिरकी घालून हळूच पलीकडे न्यायची आणि दोनशे पावलं पुढे जाऊन थांबायची. मी चालत जाऊन बसायचो. एवढ्या लांब का थांबतेस, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, शर्यतीच्या गाडीला थांबायला जागा लागते.

चारठाणा ते पूर्णा, जिंतूर आणि परभणी धरून, मी मोजले तर सत्तेचाळीस गतिरोधक भरले. आई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना सत्तेचाळीस वेळा उतरवणं बरं दिसणार नाही.

परभणीचे सिताराम मिस्त्री म्हणतात, स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच वर उचलून देतो. पप्पूचं म्हणणं वेगळं. गाडीला डिसेंबरात पंधरा वर्षं होतात, पुन्हा नोंदणी करावी लागणार, त्यापेक्षा ती बदल्यात देऊन नवी उंच गाडी घ्या. "बाबा, तुमचं वय काय, ती गाडी काय," असं तो पुण्याहून रोज विचारतो. वय त्याला माहीत आहे, तरी विचारतो.

तू तिची बहीण. तिला काय आवडलं असतं ते तू सांग.

माझी तब्येत ठीक आहे. साखर वाढली आहे. कारल्याचा रस चालू आहे. पूर्वी त्याने चांगला गुण आला होता, आता का येत नाही कळत नाही.

तुझा,
सिद्धोधन


चारठाणा
९ नोव्हेंबर

आदरणीय दाजी,
जयभीम.

तुमचं पत्र घेऊन पोस्टमन दारात उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, हातानं लिवलेलं हाय. कोन गेलं का?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही, उलट एक माणूस बोलायला लागलाय.

दोन पानं, दाजी! ताई असती तर चौकट करून भिंतीला लावली असती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला तुमचं एकच पत्र आलं होतं आणि त्यात फक्त मनमाडचा पत्ता होता. ती वाचून दाखवायची आणि आम्ही हसून लोळायचो.

आता गाडीचं. गाडीला हात लावू नका. ती लाल चप्पल आहे, चपलेला टाच लावल्यावर कशी दिसंल? आणि नवीही घेऊ नका. कारण विचारू नका, मला सांगता येत नाही.

आईला खुशाल त्याच गाडीतून न्या. चाळीस किलोची बाई, तिनं काय घासणार आहे? तिला सांगितल्यापासून ती सगळ्या गल्लीला ऐकवायलीय, "जावई शर्यतीची गाडी घेऊन यायलाय." शेजारच्यांनी विचारलं, तानुबाई, शर्यतीत कितवा नंबर येणार? तर म्हणाली, "गाडीत दोगंच असल्यावर पयला न्हाई तर दुसरा."

साखर वाढणारच. ताई गेल्यापासून तुमचं चालणं बंद झालंय. ते आधी सुरू करा.

सविता


पूर्णा
१६ नोव्हेंबर

चि. सविता,
सप्रेम जयभीम.

चालण्याबद्दल तुझा काहीतरी गैरसमज आहे. मी कधीच चालायला जात नव्हतो. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोज पाच हजार पावलं सांगितली होती. तेव्हाच मी सुकेशनीला स्पष्ट सांगितलं की तीस वर्षं उभा राहिलो, आता बसणार, पुन्हा हा विषय काढू नकोस. तिने पुन्हा कधी काढला नाही. तिचा तो मोठा गुण होता.

आईंचं वजन कमी आहे हे खरं, पण सुकेशनी या बाबतीत फार कडक होती. एकदा मांडीवर पाच किलो कांदे घेऊन बसलो होतो, तर कांद्यांसकट उतरवलं होतं.

पप्पू मागच्या शनिवारी आला होता. परभणीत नवी गाडी चालवून पाहिली. उंच आहे. आत चढावं लागतं. रस्त्यावरचे लोक खाली दिसतात, ते मला बरं वाटलं नाही. बाजारातून दोन कोबी घेतले होते, ते मी शेजारच्या जागेवर ठेवले. लगेच गाडी टुंग टुंग वाजायला लागली. पप्पू म्हणाला, गाडीला वाटतंय तिथे माणूस बसलाय, पट्टा लावायला सांगतेय. मी म्हटलं, तिथे कुणी नाही. पण गाडीला ते पटेना. शेवटी कोब्यांना पट्टा लावला तेव्हा गप्प झाली. गाडीच्या दुकानातला विक्रेता मागच्या जागेवरून म्हणाला, "सर, सेफ्टी फर्स्ट."

मी पप्पूला विचार करून सांगतो म्हटलं. सुकेशनीच्या गाडीत पट्ट्याचा असा काही आग्रह नाही. तिथे ती स्वतः सांगायची.

पप्पू जुनी गाडी रिकामी करून ठेवा म्हणाला आहे. समोरचा कप्पा सोडून बाकी केली. कप्प्यात तिचा चष्मा असेल. कप्पा मी उघडलेला नाही.

तू गाडीला हात लावू देत नाहीस, नवीही घेऊ देत नाहीस आणि कारणही सांगत नाहीस. मी विचार केला. मला वाटतं, ताईची आठवण म्हणून तुला ती गाडी हवी असेल. तसं असेल तर संकोच करू नकोस. पप्पूला मी समजावीन.

सिद्धोधन


चारठाणा
२१ नोव्हेंबर

दाजी,

मला हवी? ती गाडी? वाचून हातातला खडू पडला, वर्गातली पोरं घाबरली.

विसरलात का? ताईनं एकदा मला जिंतूरच्या बसस्टँडवरून घेतलं होतं. बसायला काही नाही, विहिरीत पडल्यासारखं पडायचं. पण घरासमोर आल्यावर निघता येईना. आधी पाय बाहेर काढले तर मी आत, मी बाहेर निघाले तर पाय आत. शेवटी गल्लीतल्या तिघींनी हात धरून उपसलं मला. ताई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती आणि हॉर्न वाजत होता. अख्खं चारठाणं जमलं. माझे गुडघे अजून त्या दिवसाचं नाव काढतात.

तर गाडी मला नको. तुम्हालाच ठेवायची आहे.

मला एक गोष्ट माहीत आहे जी मला सांगता येत नाही. ताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलंय. ते मी मोडणार नाही. पण तुम्ही एवढं करा. सिताराम मिस्त्रीला स्प्रिंगा बदलायच्या आधी एकच प्रश्न विचारा: दोन माणसं बसल्यावर ही गाडी खरंच घासते का?

बास. यापुढं मी तोंड उघडत नाही.

सविता


पूर्णा
२६ नोव्हेंबर, बुधवार

सविता,
जयभीम.

तू सांगितल्याप्रमाणे विचारलं.

सिताराम मिस्त्री म्हणाले, विचारायचं कशाला, बघू. ते नव्वद किलोचे आहेत. ते शेजारी बसले आणि मी गाडी गॅरेजसमोरच्या गतिरोधकावरून नेली. घासली नाही. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवर बॅटरी घेतली. तरी घासली नाही. मी म्हटलं हा गतिरोधक झिजलेला असेल. ते म्हणाले, "साहेब, चला, समदे बघू." परभणी ते पूर्णा एकोणीसच्या एकोणीस पाहिले. एकाही ठिकाणी घासली नाही. मिस्त्री म्हणाले, "दोन शिटाची गाडी हाय, दोन मानसांसाठीच बनिवली की. कशाला वर उचलायलाव?"

ताडकळसजवळच्या गतिरोधकाला बायनाबाईचं चहाचं हॉटेल आहे. आम्ही थांबलो. तिने विचारलं, "आज कोनी उतरलं न्हाई ते?" मी दोन चहा सांगितले. ती म्हणाली, "मॅडम गेल्याचं कळलं, साहेब. लय वाईट झालं. आमी आदी म्हनायचो ह्या नवराबायकोचं रोजच भांडन कसं, रोज हितंच कसं उतरवितेत. मंग एकदा बगितलं. तुमी मागून चालत यायचे, आन मॅडम आरशात बगून हसायच्या. रोज."

मिस्त्रींना परभणीच्या बसमध्ये बसवून मी घरी आलो.

सविता, मला कळलं. ती गाडी तिने स्वतःच्या हौसेने घेतली होती. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं. तिला ती एकटीनेच चालवायची असेल. मी शेजारी नुसता बसून राहायचो, बोलायचो नाही. माझी अडचण होत असेल. तोंडावर सांगायचा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून थोडं थोडं उतरवत राहिली. मी तिला दोष देत नाही. पण त्या गाडीत बसायला आता मला संकोच वाटतो.

पप्पू रविवारी येतो आहे. त्याला मी हो सांगितलं. सोमवारी गाडी बदल्यात जाईल. आईंना नव्या गाडीने आणीन. त्यात पट्टा लावावा लागेल, एवढं त्यांना सांगून ठेव.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. तुझं उत्तर टपालाने रविवारच्या आत इथे येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून उत्तराची घाई करू नकोस.

सिद्धोधन


चारठाणा
२८ नोव्हेंबर, शुक्रवार संध्याकाळ

दाजी,

हे पत्र टपालात टाकत नाही, तुमच्या खात्यानं राग मानू नये. उद्या पहाटे जिंतूरच्या बसच्या कंडक्टरजवळ देते, तो परभणीच्या कंडक्टरजवळ देईल, तिथून सिताराम मिस्त्री आणून देतील. त्यांच्याशी बोलले आहे. तुम्हालाही फोन केला होता. तुम्ही 'हूं' म्हणून ठेवलात.

आता वचन मोडते. ताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की तुम्ही एवढं उलटं वाचाल. टपालात असे पत्ते वाचले असते तर चारठाण्याची पत्रं चेन्नईला गेली असती.

गाडी फक्त पहिल्या दिवशी घासली. चाकांत हवा कमी होती. तुम्ही स्वतःच उतरलात आणि चालत पलीकडं गेलात. दुसऱ्या दिवशी तिनं हवा भरली. गाडी कधीच घासली नाही. पण तोवर तिच्या डोक्यात दिवा लागला होता. माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सवे, मानूस चालायला न्हाई म्हनतंय, पन उतरा म्हनलं की उतरायलंय. काई विचारीत न्हाई. कुनाला सांगू नको, कळलं तर बसूनच राहील."

दाजी, एकोणीस गुणिले दोनशे करा. जाऊन येऊन दुप्पट करा. निवृत्त हेडमास्तरीणबाईला आठवड्यातून तीनदा परभणीहून खोडरबर कशाला लागतं, हे एकदा तरी विचारायचं! साखर उतरली तेव्हा डॉक्टरांसमोर तुम्ही कारल्यावर पंधरा मिनिटं बोललात. आयुष्यातलं तुमचं एकमेव भाषण. ताई तोंडात पदर कोंबून बाहेर आली, व्हरांड्यातून मला फोन केला आणि बोलेचना, नुसती हसायली.

आरशात बघून ती काय तुमची अडचण झाली म्हणून हसायची? शाळेतलं सगळ्यात हट्टी पोरगं रांगेत चालायला लागल्यावर बाई कशा हसतात, तशी हसायची.

पटत नसेल तर समोरचा कप्पा उघडा. गाडीच्या कागदांखाली शाळेचा हजेरीपट असेल. मी पाहिलेला नाही, ती सांगायची. जगात हे फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आता तुम्ही तिसरे.

उघडा, मग पप्पूला काय सांगायचं ते सांगा.

तुमची,
सवी


पूर्णा
११ डिसेंबर, गुरुवार

चि. सवी,
सप्रेम जयभीम.

आई काल सुखरूप पोचल्या. फोनवर एवढंच सांगितलं, बाकीचं इथे लिहितो.

तुझं पत्र मिस्त्रींनी शनिवारी दुपारी आणून दिलं. मी दोनदा वाचलं आणि गाडीत जाऊन बसलो. माझ्या जागेवर, म्हणजे शेजारच्या. कप्पा उघडला. चष्मा होता. खाली हजेरीपट होता. पटावर एकच नाव, अनुक्रमांक एक, माझं. तारखांचे एकोणीस-एकोणीस रकाने आखलेले, प्रत्येक गतिरोधकाला एक. मी उतरलो की 'उ', पाऊस असला की 'सुट्टी'. कांद्यांच्या दिवशी 'उ' भोवती गोल केला आहे. दर महिन्याला शेवटी शेरा. पहिल्या महिन्यात 'कुरकुर करतो'. तिसऱ्यात 'कुरकुर करतो, पण उतरतो'. दुसऱ्या वर्षापासून नुसतं 'प्रगती समाधानकारक'. आणि गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात, जेव्हा तिला स्वतःला दम लागत होता, तेव्हा 'आज आपणहून उतरला'. तो दिवस मला आठवतो. ती थांबली आणि काही बोलली नाही, म्हणून मी उतरलो होतो.



रविवारी पप्पू आला. मी त्याला म्हटलं, जुनी गाडी देण्याआधी तिच्यातून एक चक्कर मारू. त्याचंही वजन पुण्याला गेल्यापासून बरंच वाढलं आहे. पहिल्याच गतिरोधकाला मी गाडी थांबवली आणि म्हणालो, "उतर, गाडी घासते." तो उतरला. काही विचारलं नाही. हा गुण त्याने माझा घेतला आहे. मी पलीकडे नेऊन दोनशे पावलं पुढे थांबलो. तो येईपर्यंत आरशात पाहत होतो. हसू येतं, हे खरं आहे.

ताडकळसला तो धापा टाकत म्हणाला, "बाबा, एवढं घासतंय तर दोन इंच उचलून तरी घ्या." मी म्हटलं, नको, तुझ्या आईची गाडी आहे, आहे तशीच राहू दे. पुन्हा नोंदणीचे कागद मंगळवारी दिले. पटावर पप्पूचं नाव अनुक्रमांक दोनवर लिहिलं आहे. त्याला सांगू नकोस.

आता आईंचं. तू शाळेत होतीस म्हणून निघताना पाहिलं नाहीस. त्या बसल्या तेव्हा गल्ली जमली होती. त्यांना बसायला काहीच त्रास झाला नाही. म्हणाल्या, "जमिनीवरच बसल्यावानी हाय की. बरं हाय."

पहिला गतिरोधक वेशीजवळचाच. मी गाडी हळू केली. आई म्हणाल्या, "थांबवा." मला वाटलं, मळमळत असेल. थांबवली.

"उतरा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, गाडी घासत नाही. मिस्त्रींनी तपासली."

"म्या कवा म्हनलं घासती? उतरा तुमी. म्या बसते."

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुकीनं. समद्यांच्या आदी मला सांगितलं. सवीला मागून सांगितलं. तिच्या पोटात काई राहत न्हाई." त्या तशा म्हणाल्या, मी फक्त कळवतो आहे.

मग मी उतरलो. शंभर पावलं पुढे, शंभर पावलं मागे, परत येऊन बसलो आणि गाडी पलीकडे नेली. आई काच खाली करून मोजत होत्या. मागून एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने विचारलं, "आजी, गाडी बिगडली का?" आई म्हणाल्या, "गाडी झ्याक हाय. जावई दुरुस्त करायलेय."

जिंतूरच्या पुढे त्यांना डोळा लागला. तेव्हा मी सहा गतिरोधक न उतरता काढले. सातव्याला जाग्या झाल्या आणि किती झाले विचारलं. मी खरं सांगितलं. "मांडून ठिवा," म्हणाल्या. बायनाबाईकडे चहा घेतला. तिने सगळं पाहिलं होतं. म्हणाली, "साहेब, चालवायचं बी तुमीच आन उतरायचं बी तुमीच?" आई म्हणाल्या, "मंग? म्या शहाऐंशीची हाय."

सकाळी नऊला निघालो होतो, दिवस मावळताना पोचलो. आज सकाळी आईंनी ओट्यावर खुर्ची टाकली आणि बुडालेले सहा गल्लीत भरून घेतले.

पट मी पुढे चालू ठेवला आहे. कालच्या तारखेला एक्केचाळीस 'उ' भरले आणि सहा 'अ' होते, ते आज खोडून 'उ' केले. खोडरबर घरात बावीस निघाले. शेऱ्याचा रकाना मात्र मोकळा ठेवला आहे. स्वतःला शेरा कसा लिहायचा? रविवारी येशील तेव्हा तू लिही. तुझं अक्षर तिच्यासारखं आहे.

तुझा,
सिद्धोधन

ता. क. रविवारी येताना बसने ये. जाताना मी सोडायला येईन. तुझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते आईंनी मला सांगितलं आहे. चपला चालायच्या घाल.